वसंतात फुलणारी पानझडी झुडपं: लावायची कशी आणि छाटायची कधी

नर्सरीतून आणलेलं फॉरसिथिया पहिल्या वसंतात पिवळंधमक फुलतं. पुढे दोन-तीन वर्षांत झुडूप वाढतं, पानं भरगच्च येतात आणि फुलं मात्र आतल्या बाजूला तुरळक कुठेतरी दिसतात. मग खत वाढवलं जातं, पाणी वाढवलं जातं, रोपाची जातच वाईट निघाली असं म्हणून कधी ते उपटूनही टाकलं जातं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. थंडीच्या तोंडावर बागेची साफसफाई करताना झुडूपही वरून सारखं केलेलं असतं आणि त्या कापलेल्या काड्यांबरोबर पुढच्या वसंताची फुलं कचऱ्यात गेलेली असतात.

फॉरसिथिया, लायलॅक, वायगेला, ड्यूट्झिया, फिलाडेल्फस, केरिया, फुलांचा करंट, वसंतातले स्पायरिया ही सगळी मंडळी पानझडी आहेत, काटक आहेत आणि नवशिक्यालाही सहज साधतात. त्यांना महागडं खत लागत नाही, रोज लक्ष द्यावं लागत नाही. एक गोष्ट मात्र पक्की कळायला हवी: फूल कुठल्या वयाच्या काडीवर येतं. ती कळली की छाटणीची तारीख, जागा आणि प्रमाण आपोआप ठरतं. म्हणून लागवडीच्या आधी तीच गोष्ट घेतो.

फुलाचा डोळा कधी तयार होतो

वसंतात फॉरसिथियाची फुलं गळून गेली की झुडूप नव्या काड्या फेकायला लागतं. उन्हाळाभर त्या वाढतात. उन्हाळा सरता सरता त्या काड्यांवर, पानांच्या बगलेत, बारीक डोळे तयार होतात आणि पुढच्या वसंतातलं फूल त्या डोळ्यांतच असतं. पानगळ होते, झुडूप सुप्तावस्थेत जातं, डोळे थंडी खातात आणि ऊब आली की उमलतात. म्हणजे मार्चमध्ये दिसणारं फूल आदल्या उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. शरद ऋतूत, हिवाळ्यात किंवा फुलं यायच्या तोंडावर चालवलेली कात्री हे तयार डोळेच कापते. झुडूप त्याने मरत नाही, उलट जोमाने पालवतं. म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही.

याच्या उलट काही झुडपं नव्या, त्याच वर्षीच्या वाढीवर फुलतात. उन्हाळ्यात फुलणारा बडलिया डेव्हिडी आणि जपानी स्पायरिया ही त्यांतली ठळक उदाहरणं. त्यांना वसंताच्या सुरुवातीला जोरात छाटलं तरी चालतं, उलट फुलं चांगली येतात. घोटाळा होतो तो इथेच: शेजारच्या बडलियाला जे मानवलं तेच लायलॅकला केलं जातं.

आपल्या बागेतलं झुडूप कुठल्या गटातलं हे नाव माहीत नसलं तरी ओळखता येतं. फूल उमललं असताना त्याच्या देठापासून मागे मागे बघत जा. फॉरसिथियासारखं फूल थेट तपकिरी, टणक काडीवर बसलं असेल तर प्रश्नच नाही, ती काडी गेल्या वर्षीची. वायगेला, ड्यूट्झिया आणि फिलाडेल्फस यांच्याबाबतीत नवखा माणूस फसतो, कारण त्यांची फुलं चार-सहा इंचांच्या हिरव्या, कोवळ्या फुटव्याच्या टोकाला येतात. बघणाऱ्याला वाटतं, ही तर नवी वाढ. पण तो फुटवा जिथून निघालाय ती काडी हाताने चाचपून बघा. ती तपकिरी आणि टणक लागेल. फूल आहे ते त्या जुन्या काडीच्या जिवावर. बडलियात मात्र जमिनीजवळच्या बुंध्यापासून लांबलचक नवी काडी निघते आणि तिच्या शेंड्याला तुरा येतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही.

ढोबळ नियम असा: उत्तर गोलार्धात साधारण जूनच्या मध्यापर्यंत फुलून जाणारी झुडपं फुलं संपल्यावर छाटायची. दक्षिण गोलार्धात हीच मर्यादा डिसेंबरच्या मध्यापर्यंत धरा. थोडे अपवाद आहेत, ते पुढे येतील.

कोणतं झुडूप निवडावं

पहिलंच झुडूप असेल तर मी फॉरसिथिया किंवा वायगेला सुचवेन. दोन्ही बहुतेक मातीत रुजतात, चुकीची छाटणीही सोसतात आणि दोन-तीन वर्षांत चांगली फुलतात. फॉरसिथिया दोन ते तीन मीटर उंच आणि जवळजवळ तेवढंच रुंद होतं. घराच्या खिडकीखाली, भिंतीला खेटून ते लावलं तर पुढे दरवर्षी जागेसाठी कापावं लागतं आणि मग फुलांचा बळी जातो. जागा लहान असेल तर मुळातच बुटकी जात घ्या. कात्रीने झुडूप कायमचं लहान ठेवता येत नाही.

लायलॅकचा सुगंध ज्याला हवा असतो त्याला दुसरं काही चालत नाही, हे मला मान्य आहे. पण त्याच्या अटी आधी वाचा. साधा लायलॅक मूळचा बाल्कन डोंगराळ भागातला. त्याला हिवाळ्यात चांगली कडक, सलग थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाड हिरवं राहतं पण फुलत नाही. जिथे हिवाळा सौम्य असतो तिथल्यासाठी कमी थंडीत फुलणाऱ्या जाती निघाल्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या डेस्कान्सो गार्डन्समध्ये तयार झालेली 'लॅव्हेंडर लेडी' ही त्यांतली प्रसिद्ध. लायलॅकला आम्ल माती आवडत नाही. उदासीन किंवा किंचित चुनखडीयुक्त माती लागते आणि पाणी साचलेलं अजिबात खपत नाही. चार-पाच मीटरपर्यंत जाणारं हे झाड आहे, हेही ध्यानात ठेवा.

दाट, दुहेरी पाकळ्यांचे जे लायलॅक आज बागांतून दिसतात त्यांच्यामागे फ्रान्समधल्या नान्सी गावचे व्हिक्टर लेमोईन यांची मेहनत आहे. १८७०च्या सुमारास त्यांनी हे काम हाती घेतलं. त्यांची नजर अधू होत चालली होती, म्हणून शिडीवर चढून चिमुकल्या फुलांत हाताने परागीकरण करण्याचं काम त्यांची पत्नी मारी-लुईझ करत असे. फिलाडेल्फस, ड्यूट्झिया आणि वायगेला यांच्याही कितीतरी उत्तम जाती याच नर्सरीतून बाहेर पडल्या. रोप घेताना जातीच्या नावाची चिठ्ठी जपून ठेवा. उंची, फुलण्याचा काळ आणि छाटणी या तिन्ही गोष्टी त्या नावावरून शोधता येतात.

सावली असेल तर केरिया. तिच्या पिवळ्या फुलांना अर्धवट सावली मानवते, आणि हिवाळ्यात पानं नसताना तिच्या हिरव्यागार काड्याच शोभा देतात. बाकीच्यांना दिवसाचे किमान सहा तास ऊन हवं. कमी उन्हात ती जगतात, लांबलचक वाढतात, पण फुलायला हात आखडता घेतात.

लागवड

पानझडी झुडूप लावायला सर्वांत उत्तम काळ म्हणजे पानगळ झाल्यापासून नवे डोळे फुगेपर्यंतचा, जमीन गोठलेली नसताना. या काळात उघड्या मुळांची रोपंही मिळतात. ती स्वस्त असतात आणि बऱ्याचदा कुंडीतल्या रोपांपेक्षा लवकर पकड घेतात. उघडी मुळं अर्धा तासही वाऱ्यावर सुकू देऊ नका. घरी आणल्यावर पाण्याच्या बादलीत तासभर बुडवून ठेवा, लगेच लावायची नसतील तर ओल्या मातीत तात्पुरती पुरून ठेवा. कुंडीतलं रोप एरवीही लावता येतं, फक्त कडक उन्हाळा टाळा.

१. मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद खड्डा घ्या. खोली मात्र गोळ्याएवढीच ठेवा. जास्त खोल खणलं तर खालची भुसभुशीत माती पुढे बसते आणि रोप खाली जातं.

२. कुंडीतून काढलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतील तर ती बोटांनी मोकळी करा. फारच घट्ट वेटोळी असतील तर गोळ्याला तीन-चार जागी उभे छेद द्या. तशीच ठेवलेली मुळं जमिनीतही गोलच फिरत राहतात.

३. खोड जिथे मुळांकडे रुंद होतं ती जागा जमिनीच्या पातळीला यायला हवी. कुंडीत वरून मातीचा थर चढलेला असेल तर तो आधी खरवडून ही जागा शोधा. कलमी लायलॅक असेल तर कलमाचा जोड कुठे आहे हे बघून ठेवा, पुढे कामाला येईल.

४. खणलेली मूळ मातीच परत भरा. खड्ड्यात रासायनिक खत घालू नका. शेणखत किंवा कंपोस्ट खड्ड्यात कोंबण्यापेक्षा वरून पसरलेलं बरं, कारण खड्ड्यातच सगळं सकस असलं तर मुळं बाहेरच्या साध्या मातीत जायला कंटाळतात.

५. पायाने हलके दाबा, सावकाश भरपूर पाणी द्या आणि माती बसल्यावर हवी तेवढी भर घाला.

६. पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचं आच्छादन घाला. पालापाचोळा, लाकडाचे तुकडे, काहीही चालेल. खोडाभोवती चार बोटं जागा उघडी ठेवा, नाहीतर साल कुजते.

पहिल्या उन्हाळ्यात पावसाने दडी मारली तर आठवड्यातून एकदा दहा-पंधरा लिटर पाणी मुरेल असं द्या. रोज थोडं थोडं शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून बहुतेक झुडपं आपलं आपण बघतात, फक्त मोठ्या उघडिपीत विचारपूस करायची.

पहिली दोन वर्षं कात्री जवळजवळ नकोच. मोडकी, वाळलेली, एकमेकांवर घासणारी फांदी काढा आणि थांबा. रोप अंग धरेपर्यंत त्याला पानं हवीत, कारण मुळं वाढतात ती पानांच्या कमाईवर.

हत्यारं

एक चांगला सिकेटर, ज्याची दोन पाती एकमेकांच्या बाजूने सरकतात तसला. पातं सपाट पट्टीवर आपटणारा सिकेटर हिरवी काडी चेचतो, तो वाळक्या लाकडासाठी ठेवा. बोटापेक्षा जाड फांदीला लांब दांड्याची कात्री, आणि जुन्या बुंध्यांना घडीची करवत. या तिघांपलीकडे काही लागत नाही. कुंपण कापायची मोठी कात्री किंवा विजेवरचा कटर या कामाला आणूच नका, कारण पुढे सांगतो. रोगट फांदी कापली की दुसऱ्या झुडपाकडे जाण्याआधी पाती स्पिरिटने पुसा.

मुख्य छाटणी: फॉरसिथियासमोर उभं राहून

तुमचं फॉरसिथिया तीन-चार वर्षांचं झालंय, फुलं कोमेजून गळायला लागलीत आणि पानांची हिरवी टोकं दिसायला लागलीत. हीच वेळ. फुलं गेल्यापासून दोन-तीन आठवड्यांत काम उरका. जितका उशीर तितका नव्या काडीचा वाढायचा काळ कमी. त्याआधी झुडपात पक्ष्याचं घरटं नाही ना हे पानं बाजूला सारून बघा. वसंत हा त्यांचाही विणीचा काळ. अंडी-पिल्लं असतील तर छाटणी पुढे ढकला, यंदा राहिली तरी झुडपाचं काही बिघडत नाही.

आधी कात्री खिशातच ठेवा आणि गुडघ्यावर बसून बुंधा बघा. जमिनीतून दहा-पंधरा काड्या वर आलेल्या दिसतील आणि त्या सारख्या नसतील. काही अंगठ्याएवढ्या जाड, करड्या, सालीला भेगा गेलेल्या, वर जाऊन पुष्कळ बारीक फांद्यांत विभागलेल्या. या सर्वांत जुन्या. काही मध्यम, तपकिरी. आणि काही सरळसोट, गुळगुळीत, पिवळसर-हिरवट झाक असलेल्या, अंगावर बारीक उठावदार ठिपके असलेल्या. या गेल्या उन्हाळ्यातल्या, पुढे फुलणारी नवी वाढ यांच्यावरच येणार.

आता कामाला लागा.

पहिल्यांदा वाळलेलं, मोडलेलं, रोगट असेल ते काढा. हे कधीही काढलं तरी चालतं, ऋतू बघायची गरज नाही.

मग सर्वांत जुन्या काड्यांपैकी साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश, म्हणजे बारा काड्या असतील तर तीन-चार, जमिनीपासून पाच-दहा सेंटिमीटरवर कापून टाका. शेंड्याकडून नाही, तळातून. कापलेली काडी वर इतरांत अडकलेली असते, ती ओढून काढू नका. दोन-तीन तुकडे करून सोडवा, नाहीतर जवळच्या कोवळ्या काड्या मोडतात.

त्यानंतर दोन पावलं मागे सरा आणि झुडपाचा आकार बघा. मधोमध गर्दी असेल तर तिथली एखादी काडी अजून काढा, उजेड आत गेला पाहिजे. एखादी काडी फारच लांब वाकली असेल तर तिला तिच्याच अंगावरच्या एका जोमदार, वर जाणाऱ्या बाजूच्या फुटव्यापर्यंत मागे आणा. फांदीच्या मधोमध ठूठ ठेवू नका, ते वाळतं.

काप कुठे द्यायचा? फॉरसिथिया, लायलॅक, वायगेला, ड्यूट्झिया आणि फिलाडेल्फस यांची पानं समोरासमोर जोडीने येतात. त्यांना डोळ्यांच्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर सरळ आडवा काप द्या. स्पायरिया, करंट आणि केरिया यांचे डोळे एकाआड एक असतात, तिथे डोळ्याच्या वर थोडा तिरका. करवतीने जाड फांदी काढताना फांदीच्या मुळाशी जो फुगीर कंगोरा असतो तो शाबूत ठेवा. जखम वरून झाकणाऱ्या पेशी तिथेच असतात. कापलेल्या जागी रंग, डांबर वगैरे लावायची जुनी पद्धत सोडून द्या. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम बरी करत नाही, तर आतून भिंती घालून ती वेगळी पाडतं. वरच्या लेपाने त्याला मदत होत नाही.

दरवर्षी असा एक तुकडा जुना काढत गेलात की तीन-चार वर्षांत झुडूप मुळावरच नवं होतं आणि फुलणं एका वर्षालाही चुकत नाही. एखाद्या वर्षी आळस केला तरी बिघडत नाही. सलग पाच वर्षं केला की बिघडतं.

वरून गोल का करू नये

ही माझी सर्वांत कळकळीची विनंती आहे. प्रत्येक काडीच्या शेंड्याचा डोळा ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली पाठवत असतो आणि त्यामुळे खालचे डोळे दबून राहतात. शेंडा कापला की हे दडपण उठतं आणि कापाच्या लगेच खालचे तीन-चार डोळे एकदम फुटतात. सगळे शेंडे एका पातळीत कापले तर सगळीकडे वरच्या वीतभर जागेत दाट झुपके तयार होतात. आत उजेड जात नाही, आतली पानं गळतात, तळ उघडा पडतो. दोन-तीन वर्षांत झुडूप उलट्या झाडूसारखं दिसायला लागतं: वर गच्च, खाली नुसत्या काठ्या. फुलं येतात ती त्या पातळ सालपटात. फॉरसिथियाचं सौंदर्य ज्या लांब, कमानदार फांद्यांत आहे त्या तर पहिल्याच वर्षी गेलेल्या असतात. तळातून काडी काढली तर उलट घडतं: जोर मुळाशी लागतो, नवी काडी जमिनीतून येते आणि पूर्ण लांबीची होते.

तुम्हाला काटेकोर कापलेलं कुंपणच हवं असेल तर त्यासाठी वेगळी झाडं आहेत. ही झुडपं त्या कामाची नाहीत.

प्रत्येकाचा स्वभाव थोडा वेगळा

वायगेला, ड्यूट्झिया, फिलाडेल्फस आणि कोल्कविट्झिया यांना वरचीच पद्धत लागू पडते, शिवाय एक पाऊल जास्त. फुलून गेलेल्या काडीच्या खालच्या अंगाला जिथे जोमदार नवा फुटवा वर येताना दिसेल, तिथपर्यंत ती काडी मागे कापा. पुढची फुलं त्या नव्या फुटव्यावर येणार. फिलाडेल्फस उशिरा, वसंत संपता संपता फुलतो, म्हणून त्याची छाटणी उन्हाळ्याच्या सुरुवातीला येते. लक्षात ठेवायचा तो महिना नाही, फुलं संपल्याची खूण.

केरियाची काडी फुलून गेली की निर्धास्तपणे तळातून किंवा खालच्या हिरव्या फुटव्यावरून काढा. ती जमिनीखालून पसरते, नको तिथे आलेले फुटवे फावड्याने मुळासकट उचला. हवे असतील तर दुसरीकडे लावा, लगेच जगतात.

वसंतात पांढऱ्या फुलांनी झाकून जाणारे स्पायरिया, 'अर्गुटा' किंवा व्हान हूटी, यांच्या काड्या बारीक आणि खूप असतात. इथे मोजत बसू नका, सर्वांत जुन्या मूठभर काड्या तळातून काढल्या की झालं.

फुलांचा करंट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचा. वनस्पतींच्या शोधात भटकणाऱ्या डेव्हिड डग्लस यांनी तो १८२०च्या दशकात युरोपात पाठवला. गुलाबी घोस गळले की जुन्या काड्यांपैकी एक चतुर्थांश काढा.

फुलांचा क्विन्स थोडा निराळा. त्याची फुलं जुन्या लाकडावरच्या आखूड, गाठाळ फुटव्यांवर येतात आणि ते फुटवे वर्षानुवर्षं फुलतात. त्यामुळे इथे तळातून सरसकट कापणं नको. फुलं संपल्यावर बाजूच्या लांब कोवळ्या काड्या पाच-सहा पानांवर खुडा, गर्दी झाली असेल तिथे एखादी जुनी फांदी काढा. हातमोजे घाला, काटे चांगलेच लांब असतात.

व्हायबर्नम ऑप्युलसला शरदात लाल चमकदार फळं येतात. फुलं गेल्या गेल्या सगळं छाटलंत तर फळंही गेली. दोन-तीन जुन्या काड्या काढून थांबा.

लायलॅकसाठी थोडं जास्त

लायलॅकचे फुलाचे डोळे शेंड्याला, जोडीने बसतात. हिवाळ्यात जवळ जाऊन बघितलं तर फरक लगेच कळतो: फुलाचा डोळा टपोरा, गोलसर, तर पानाचा डोळा बारीक आणि टोकदार. शेंडा उडवला की सरळ फूल गेलं, इतकं हे सोपं आहे.

तुरे तपकिरी झाले की लगेच खुडा, नाहीतर झाड बी धरण्यात ताकद घालवतं. पण खुडताना नजर हवी. तुऱ्याच्या लगेच खाली, दोन्ही बाजूंना, नव्या फुटव्यांची जोडी निघालेली असते आणि पुढच्या वर्षीचे तुरे त्यांच्या शेंड्यावर बसणार असतात. काप तुऱ्याच्या देठावर, या जोडीच्या वर. घाईत दोन इंच खाली कापलं की पुढच्या वसंतात ती फांदी मुकी राहते. उंच तुरे हाताला येत नसतील तर सोडून द्या, शिडीवरून पडण्याइतकं ते महत्त्वाचं नाही.

तळातून येणारे फुटवे बघा. स्वतःच्या मुळांवरचा लायलॅक असेल तर त्यांतले दोन-तीन जोमदार राखा, तेच पुढचे बुंधे होतील. बाकीचे काढा. कलमी झाड असेल आणि फुटवा कलमाच्या जोडाच्या खालून आलेला असेल तर तो खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधलंय त्या झाडाचा. तो वाढू दिला तर वरची निवडक जात हळूहळू मागे पडते. माती उकरून मुळाशी शोधा आणि ओढून, फाडून काढा. कात्रीने कापला तर पुन्हा चारजण येतात.

फार माजलेलं जुनं झुडूप

नव्या घरासोबत बागेत वीस वर्षांचं जंगल मिळालं, असं पुष्कळांचं होतं. दोन मार्ग आहेत. संयम असेल तर तीन वर्षांचा: दरवर्षी फुलं संपल्यावर जुन्यांपैकी एक तृतीयांश बुंधे तळातून करवतीने काढायचे. फुलं दरवर्षी मिळत राहतात आणि झाडालाही धक्का बसत नाही. मी बहुतेक वेळा हाच मार्ग सांगतो.

दुसरा मार्ग खरड छाटणीचा: हिवाळा संपता संपता, डोळे फुगायच्या आधी, सगळं झुडूप जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर आणायचं. त्या वसंतातली फुलं जातात हे पत्करूनच. फॉरसिथिया, वायगेला, फिलाडेल्फस आणि स्पायरिया हे सोसतात आणि पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी फुलतात. लायलॅकला पुन्हा फुलायला दोन-तीन वर्षं लागू शकतात. कलमी लायलॅक असेल तर जोडाच्या वरच कापा. खरड छाटणीनंतर फुटव्यांचं रान माजतं. त्यांतले सशक्त, मोकळ्या अंतराचे निवडून बाकीचे पहिल्याच उन्हाळ्यात काढा, कंपोस्ट घाला, पाणी तोडू नका. रोगट किंवा अशक्त झाडाला हा उपाय करू नका, त्यातून ते उठेलच असं नाही.

तरीही फुलत नसेल तर

छाटणी वेळेवर होते आणि तरी फुलं नाहीत, तर आधी ऊन मोजा. शेजारचं झाड दहा वर्षांत वाढलं आणि सावली आली, हे आपल्या लक्षातच येत नाही. मग हिरवळीला (लॉनला) घातलेलं खत बघा: त्यात नायट्रोजन भरपूर असतं आणि झुडपाची मुळं हिरवळीखाली गेलेली असतात. नायट्रोजन जास्त झालं की पानं माजतात. या झुडपांना वसंतात वरून पसरलेलं दोन-तीन सेंटिमीटर कंपोस्ट पुरतं. उन्हाळा सरताना तर कुठलंही खत घालू नका, कोवळी वाढ सुरू होते आणि थंडीत जळते.

थंडीचा मारही कारण असू शकतो. फॉरसिथियाचे फुलाचे डोळे पानाच्या डोळ्यांपेक्षा नाजूक असतात. फार कडक हिवाळ्यानंतर असं दिसतं की बर्फाखाली गाडलेला तळचा भाग फुललाय आणि बर्फाच्या वर राहिलेला सगळा भाग नुसता पानांचा आहे. तिथे छाटणीचा दोष नाही, जास्त काटक जात शोधायची. आणि कोवळ्या लायलॅकला वेळ द्या, लावल्यापासून फुलायला त्याला तीन-चार वर्षं सहज लागतात.

एक सवलत मात्र आहे. हिवाळ्याच्या शेवटी फॉरसिथियाच्या चार काड्या कापून घरात पाण्यात ठेवल्या तर साधारण दोन आठवड्यांत फुलतात. नाहीतरी काढायच्याच असलेल्या गर्दीतल्या काड्या निवडा, दोन दिवसांनी पाणी बदला आणि रेडिएटरपासून लांब ठेवा.

ज्यांना हात लावायचा नाही

तारकी मॅग्नोलिया, विच हेझेल आणि डॅफ्नी यांना वार्षिक छाटणी लागत नाही. मॅग्नोलियाचे राखाडी, मऊ लवदार डोळे हिवाळाभर दिसतात, ते मोजत वाट बघायची. एखादी फांदी काढायचीच असेल तर ती उन्हाळ्याच्या मध्याला, पूर्ण पानं असताना. जोरात छाटलं तर सरळ उभे, नुसत्या पानांचे सोट फुटतात. विच हेझेल सहसा कलमी असतं, खुंटाचे फुटवे तेवढे काढत राहा. डॅफ्नी मेझेरियम मुळातच हळू वाढते आणि कात्री तिला सोसत नाही. मोडलेली फांदी काढावी लागली तर हातमोजे घालून काढा आणि काम झाल्यावर हात धुवा: तिचे सगळे भाग विषारी आहेत, लाल फळं तर फारच, आणि घरात लहान मुलं असतील तर ती लावूच नका.